उत्तर-आधुनिकतावादाचे खापर कांटवर फोडावे का?

खानापूरकर:
सर्वांना लागू असे एकच सत्य असते, यावर शंका घेणारा विचार म्हणजे उत्तर-आधुनिकतावाद. स्टीफन हिक्स यांच्यासारखे टीकाकार या विचाराचे मूळ अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्यापर्यंत नेतात आणि वस्तू मूळ स्वरूपात कळत नाही असे त्याने म्हटल्यापासूनच विवेकाला उतरती कळा लागली, असे मांडतात. मला हे पटत नाही. कांटने ज्ञानाला मर्यादा घातल्या त्या विज्ञानाचा पाया पक्का करण्यासाठी. खरी वाट फुटते ती जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेपाशी. सत्ये म्हणजे झिजलेली रूपके, असे त्याने 1873 मध्ये लिहिले. अर्थ शब्दांमधल्या फरकांतून उपजतो हे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने दाखवले आणि 1967 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने तेच सूत्र सोस्यूरवरच उलटवले. उत्तर-आधुनिक म्हणजे महाकथनांवरील, म्हणजे सगळ्या इतिहासाला एकच अर्थ देणाऱ्या मोठ्या कथांवरील, अविश्वास, ही फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारची व्याख्या 1979 च्या ज्या अहवालात आहे, तो कॅनडातील क्युबेक प्रांताच्या सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला होता. विषय संगणकयुगातील ज्ञानाचा असला, तरी दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात असा कायदा त्याच प्रांताने 1977 मध्ये केला होता, हे सीमाभागातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

बेळगावचा वाचक:
पाटीचा दाखला आपल्यावरच उलटतो. तिथे फ्रेंच बहुसंख्य होते; आपली गत तिथल्या इंग्रजी दुकानदारासारखी आहे. शिवाय जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांचा आक्षेप आपण टाळलात: विवेकावर अविश्वास दाखवण्यासाठी जो विवेकाचेच युक्तिवाद वापरतो, तो बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवतो. खेडे हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, ही सीमाभागाची मागणी जनगणनेच्या आकड्यांवर उभी आहे. आकडे हेही एक कथनच, असे म्हणणाऱ्याला आपण वकीलपत्र द्याल का?

निपाणीकर:
भौतिकशास्त्रज्ञ सोकलने 1996 मध्ये मुद्दाम लिहिलेला निरर्थक लेख छापून आणून एका नियतकालिकाची फजिती केली, हा टीकाकारांचा आवडता पुरावा इथे अजून कोणी काढला नाही, हे बरे झाले. त्यातून संपादकांची ढिलाई दिसते, नीत्शे खोटा पडत नाही. आकड्यांचे म्हणाल, तर आमच्या घरी प्रगणक आला तेव्हा आजी अंगणात शेंगा फोडत होती. ती सुनेशी कन्नडमध्ये बोलते, देवाशी मराठीत. मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव मावत होते आणि ते त्याने तिला न विचारता, काकांना विचारून लिहिले. मोजणाऱ्याचा रकाना माणसाला कसा घडवतो, हा फ्रेंच विचारवंत फूकोचा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या कागदावर स्पष्ट दिसला.

बेळगावचा वाचक:
म्हणजे नोंद चुकली, असेच आपण म्हणता. चूक म्हणायची तर बरोबर काय ते आधी मानावे लागते, आणि माझा मुद्दाही तेवढाच आहे.

निपाणीकर:
चुकली म्हणालो नाही. अपुरी होती.