काचेतल्या बाळाला थेंब पुरेत, की जीनची तपासणीही हवी?

खानापूरची_लेक:
अक्काचं बाळ ३१ व्या आठवड्यात झालं, १४२० ग्रॅमचं. पाच आठवडे काचेत होतं, आता शहापूरला घरी आलंय. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे थेंब दिलेत, रोज ४०० युनिट. त्यात दाजी कुठनं तरी जाहिरात घेऊन आले: लाळेवरून जीन (जनुक) तपासणी, बाळाला डी 'पचतं' की नाही ते कळणार म्हणे. खर्च अर्धा पगार. माझं मत: नको. रिपोर्ट काही का येईना, थेंब द्यायचेच आहेत. मग तो रिपोर्ट फ्रेम करून लावायचा काय?

टिळकवाडीकर:
एवढं सोपं नाही ते. डी पोटात गेलं म्हणजे झालं असं नव्हे. आधी यकृतात, मग मूत्रपिंडात त्याचं रूप बदलतं, तेव्हा कुठे पेशीतलं व्हीडीआर नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि डी कामाला लागतं. प्रत्येक पायरीला वेगळा जीन. रक्तातली डीची पातळी जीसी, सीवायपी२आर१ अशा जीन्सवर थोडीफार ठरते, हे २०१० मध्येच मोठ्या अभ्यासात दिसलंय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांचा आजार आणि व्हीडीआरचे प्रकार यांचाही संबंध काहींनी दाखवलाय. सगळ्यांना एकच माप कसं?

खानापूरची_लेक:
'काहींनी' म्हणजे थोड्याथोडक्या बाळांवर. आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. त्यावर अर्धा पगार?

अनगोळची_आजी:
जीन नको नि थेंब नको. तेल लावायचं, शेक द्यायचा, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचं. आमची सगळी तशीच वाढली की.

रात्रपाळीची_सिस्टर:
आजी, रागवू नका. कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण नसल्यातच जमा, आणि खिडकीच्या काचेतून ते येतच नाहीत. कडक उन्हात एवढंसं बाळ धरायचं नाही. आणि जुलैच्या धो धो पावसात कणकुंबीकडे ऊन शोधायला कुठं जायचं? आईच्या दुधात सगळं असतं, डी मात्र नावाला. थेंब त्यासाठीच.

लेकी, तुझ्या मताशी मी निम्मी सहमत. हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम-फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. ३१ व्या आठवड्यात आलेलं बाळ ती शिदोरी अर्धवट घेऊन आलंय. म्हणून आम्ही रक्तातलं फॉस्फरस नि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं कमकुवत असली की वाढतं ते) बघतो. फॉस्फरस कमी असेल तर नुसत्या डीनं हाड धरत नाही, जीन कुठलाही असो.

पण माझी भीती वेगळीच आहे. बाटलीची. एका कंपनीच्या १ मिलीत ४०० युनिट, दुसरीच्या ८००. लेबल बारीक, ड्रॉपर सारखा. वर घरात मोठ्यांची डीची ६०,००० युनिटची पुडी पडलेली असते. ती बाळाला पाजलेली मी पाहिलीय. उलट्या, शौचाला खडा, बाळ सुकत चाललेलं. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं.

टिळकवाडीकर:
सिस्टर, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात! १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या खाण्यात डी जास्त घालत होते, तेव्हा काही बाळांचं कॅल्शियम असंच चढलं. सगळ्यांचं नाही, काहींचंच. का? डी मोडून टाकणारा सीवायपी२४ए१ हा जीन काही बाळांत बिघडलेला असतो, हे २०११ मध्ये कळलं. शेजारच्या बाळाला चालणारं माप त्या बाळाला बाधतं. आता बोला.

खानापूरची_लेक:
हे मात्र मला ठाऊक नव्हतं, मान्य. पण तो बिघाड दुर्मिळ. बाळ ओकतंय, वजन धरत नाही, कॅल्शियम चढलंय असं दिसलं आणि डॉक्टर म्हणाले, तर त्या एका जीनची तपासणी करूच की. जाहिरात बघून धडधाकट बाळाची लाळ पाठवायची हे वेगळं.

टिळकवाडीकर:
दिसेपर्यंत थांबायचं, हे मला पटत नाही. पण जाहिरातवाल्यांचा वकील मी नव्हे.

निपाणीचा_नाना:
बाळ लवकर येऊच नये याचं बघा की आधी. बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या लोकांनी इथल्या पहिलटकरणींना घेऊन तो अ‍ॅस्पिरिनचा अभ्यास केलाय, नागपूर नि बाहेरचे पाच देशही त्यात होते. रोज ८१ मिलीग्रॅमची गोळी, मुदतीआधीची बाळंतपणं ११ टक्क्यांनी घटली. २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आपल्याच गावातलं, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

रात्रपाळीची_सिस्टर:
नाना, खरं आहे, पण गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि या बाळाला आता त्याचा उपयोग नाही. लेकी, बाटली बघितलीस का?

खानापूरची_लेक:
आत्ता अक्काला फोटो काढून पाठवायला लावला. दवाखान्यातली बाटली सोमवारी संपली, दाजींनी कोपऱ्यावरच्या मेडिकलातून दुसरी आणली. १ मिलीत ८००. अक्का आधीसारखाच ड्रॉपर काठोकाठ भरून देतेय. चार दिवस झाले.

रात्रपाळीची_सिस्टर:
चार दिवसांनी काही बिघडत नाही, घाबरू नको. आजचे थेंब थांबव, डॉक्टरांना फोन कर, बाटली घेऊन जा. ड्रॉपरसकट.