चर्चा: वीस कामगारांखालच्या प्रेस शॉपलाही सुरक्षेची सक्ती हवी का?

पवनाकाठ
व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1948 चा कारखाने कायदा तिच्यात जमा झाला. विजेवर चालणाऱ्या जागेत आता 20 कामगार असतील तरच ती 'कारखाना'. मूळ कायद्यात 10 पुरत होते. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या भोसरी, तळवडे, कुरुळीच्या गाळ्यांत चार पॉवर प्रेस (पत्रा दाबून-कापून पार्ट बनवणारी यंत्रं) आणि चौदा माणसं हे नेहमीचं चित्र आहे, आणि बोटं जातात ती तिथेच. माझं म्हणणं सरळ आहे: डोकी मोजू नका, यंत्र बघा. एक जरी पॉवर प्रेस असली तरी नोंदणी, गार्ड आणि तपासणी सक्तीची करा.

स्पाईन रोड
पवनाकाठ, दोष चुकीच्या दारात टाकताय. महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीनेच ही मर्यादा 10 वरून 20 वर नेली होती. तुमचा चौदा माणसांचा गाळा तेव्हापासूनच बाहेर आहे. उलट नव्या संहितेत 10 कामगार असले की ती जागा 'आस्थापना' ठरते आणि कलम 6 ची कर्तव्यं मालकावर येतात: धोकामुक्त जागा, नेमणूकपत्र वगैरे.

दंडही वाढला आहे. गंभीर इजेला जुना किमान दंड होता 5,000 रुपये. आता 2 ते 4 लाख, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला द्या, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. एवढं असताना आणखी सक्ती आणली तर लहान मालकाच्या फाइली जाड होतील, बोटं वाचणार नाहीत.

इंद्रायणी
दहाची अट पाळली जाते कुठे? एकाच शेडमध्ये, एकाच वीजमीटरवर दोन फर्म असतात, एक नवऱ्याच्या नावावर, एक बायकोच्या. हजेरीपट दोन, प्रत्येकी आठ माणसं. संपलं, संहिताच लागू नाही. म्हणून डोकी मोजायला माझा विरोध आहे. प्रेस लपवता येत नाही, तिचा पाया काँक्रीटमध्ये असतो.

दुसरं, जुन्या कायद्यात यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती थेट कलम 21 मध्ये होती. आता कलम 18 खाली केंद्राने मानकं ठरवायची आहेत. मूळ कलमातली गोष्ट मानकांत गेली की तिचं वजन कमी होतं, हे मला खरोखर खुपतं.

टूलरूम
दोन्ही बाजूंना एक विचारतो: सक्ती नेमकी कशाची करणार? 'सेन्सर बसवा' एवढंच लिहिलंत तर ते धोकादायक आहे.

लहान गाळ्यांत की-क्लचच्या, म्हणजे फ्लायव्हील (सतत फिरणारं जड चाक) चावीने शाफ्टला जोडणाऱ्या, जुन्या प्रेस भरपूर आहेत. चावी एकदा अडकली की शाफ्ट पूर्ण फेरा मारणारच, मध्ये थांबवता येत नाही. अशा प्रेसवर लाईट कर्टन (हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावला तर किरण तुटतो, दिवा लाल होतो आणि स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली येतेच. वर कामगार निर्धास्त होतो. लाईट कर्टन फक्त मध्येच थांबू शकणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर चालतो, आणि तोही अंतर मोजून. थांबायला एकूण 0.2 सेकंद लागत असतील तर हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरून कर्टन डायपासून (पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून) किमान 400 मिमी लांब हवा. दीडशेवर लावलेला कर्टन निव्वळ शोभेचा.

दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांचंही तेच. की-क्लच एकाच खाचेत अडकत असेल आणि प्रेस मिनिटाला 60 फेरे घेत असेल, तर बटण दाबल्यापासून स्लाइड तळाला पोचेपर्यंत दीड सेकंद जाऊ शकतो. सेकंदाला 1.6 मीटरने हिशोब केला तर बटणं 2.4 मीटर लांब लागतील. गाळ्यात तेवढी जागाच नसते.

मग अशा प्रेसला काय लावायचं? पट्टी सरकवायचं काम असेल तर डायभोवती पक्का गार्ड, पट्टीपुरती फट ठेवून. सुटा पार्ट हाताने ठेवायचा असेल तर सरकता ट्रे आणि चिमटा, किंवा फेरा पूर्ण होईपर्यंत न उघडणारी जाळी. पायडलवर झाकण. ब्रेकच्या लायनिंगला तेल लागलं किंवा चावीची स्प्रिंग तुटली की प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते, म्हणून दोन्ही रोज सकाळी बघायची. डाय सेट करताना मोटर बंद करून भागत नाही, फ्लायव्हील फिरतच असतं. ते पूर्ण थांबू द्यायचं आणि स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक ठेवायचा.

स्पाईन रोड
टूलरूम, हेच माझं दुखणं. तपासणीला येणारा कर्टन दिसला की खूण करून जातो, क्लच कुठला हे विचारत नाही. मोठ्या गाडी कंपन्यांचे ऑडिटर जास्त नेमकं बघतात. त्यांनी ऑर्डर थांबवली की आठवड्यात गार्ड बसतो.

इंद्रायणी
तो ऑडिटर पहिल्या पायरीच्या, म्हणजे कंपनीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराकडे जातो. तिसऱ्या पायरीच्या जॉबवर्कवाल्याचा पत्ताच त्याच्या यादीत नसतो. तिथे सरकारी माणूसच जायला हवा.

पवनाकाठ
2015 च्या दुरुस्तीबद्दल स्पाईन रोड यांचं म्हणणं मान्य, मांडणीत माझी चूक झाली. मागणी मात्र सोडत नाही. जीवघेण्या कामांना कामगारसंख्येची अट लागू नसल्याची अधिसूचना केंद्र काढू शकतं, अशी तरतूद संहितेतच आहे. पॉवर प्रेसचं काम त्यात घ्या. नवा कायदा लागत नाही.

स्पाईन रोड
घ्या, पण क्लचच्या प्रकाराप्रमाणे वेगळा नियम लिहून. फ्रिक्शन क्लच असेल तर थांबण्याचा वेळ मोजून प्रेसवरच्या पाटीवर कोरलेला हवा, की-क्लच असेल तर डायजवळ हात जाताच कामा नये. हे त्यात असेल तर माझा विरोध नाही.