प्राथमिक शिक्षिका आहे, इंग्लंडला चालले आहे. शाळेत काम कसं मिळेल?

खडूफळा:
नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आहे, डिपेंडंट व्हिसावर मीही जाते आहे. पदवी आणि डी.एड. झालंय, बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवते आहे. लहान मुलांना वाचायला शिकवणं हे माझं आवडीचं काम, ते सोडायची अजिबात इच्छा नाही. कोणी म्हणतं आधी बी.एड. कर, कोणी म्हणतं तिकडे जाऊन सरळ अर्ज कर. तिथे प्राथमिकला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या कोणी सांगाल का?

इयर वन:
ताई, मी इथे इयर वनला शिकवते. पाच-सहा वर्षांची मुलं, म्हणजे तुमच्या पहिलीतल्या मुलांपेक्षा थोडी लहान.

पूर्ण पात्र शिक्षक म्हणून क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा अधिकृत दर्जा लागतो. 2023 पासून भारतातल्या शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करता येतो, पण 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला तुम्ही पात्र असाल तरच. डी.एड.वाल्यांना ती वाट बंद आहे. पण तेवढ्यासाठी दोन वर्षं बी.एड.ला घालवावीत असं मला वाटत नाही. परदेशात रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना इथल्या मेंटेन्ड, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या शाळांत क्यूटीएसशिवाय चार वर्षं शिकवता येतं. पुढे अनुभवाच्या जोरावर असेसमेंट ओन्ली, म्हणजे नव्याने प्रशिक्षण न घेता फक्त मूल्यमापन होतं त्या मार्गाने क्यूटीएस मिळवता येतं. त्यासाठी पदवी लागते आणि किमान दोन शाळांत शिकवलेलं असावं लागतं, म्हणून आधीच्या शाळांची पत्रं जपून ठेवा.

हे झालं नियमाचं. अनोळखी माणसाच्या हाती मुख्याध्यापक एकदम वर्ग देत नाहीत, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. माझ्या ओळखीतल्या बहुतेकजणी टीचिंग असिस्टंट (टीए), म्हणजे वर्गातली मदतनीस म्हणून किंवा शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीकडून बदली शिक्षिका म्हणून जाऊन आत शिरल्या. मीही टीए म्हणूनच सुरुवात केली. टीएला क्यूटीएस लागत नाही. पगार कमी असतो, पुष्कळ ठिकाणी शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा. तरी ते काम घ्याच. इथला वर्ग कसा चालतो हे आत बसल्याशिवाय कळत नाही, आणि शाळेलाही तुम्ही मुलांशी कशा बोलता ते दिसतं.

निघण्याआधी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यास करा. इयर वनच्या मुलांची जूनमध्ये फोनिक्स चाचणी होते. एकूण 40 शब्द, त्यांतल्या निम्म्यांना काही अर्थच नसतो. मूल शब्द आठवून म्हणतंय की अक्षरांवरून उच्चार जुळवतंय, हे त्यातून कळतं. अक्षर आणि आवाजाची सांगड तुम्ही रोजच घालून देता. इंग्रजीत एकाच आवाजाची पाच-पाच स्पेलिंगं असतात, त्याची मात्र तयारी हवी. इथल्या शाळांत हे ठरलेल्या क्रमाने शिकवतात. तो क्रम माहीत असणारी टीए कुठल्याही शाळेला हवीच असते.

मुलाखतीत बहुधा वर्गावर छोटा पाठ घ्यायला लावतात, आणि सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हमखास येतो. एखादं मूल घरातलं काही सांगू लागलं आणि 'कुणाला सांगू नका' म्हणालं, तर काय कराल? गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेत त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला लगेच सांगायचं. हा प्रश्न मनापासून समजून घ्या, पाठ करून जाऊ नका.

जाहिरातींचाही हंगाम असतो. सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू होतं आणि उन्हाळ्यात शाळा सोडणाऱ्या शिक्षकांना 31 मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे मार्च ते मे सगळ्यात जास्त जागा निघतात. सरकारची टीचिंग व्हेकन्सीज नावाची मोफत साइट आहे, तिथे बघत राहा.

दक्षिण गोलार्ध:
इतर देशांत जाणाऱ्यांनी हे नियम तसेच धरून चालू नये. ऑस्ट्रेलियात शिक्षक म्हणून कौशल्य-व्हिसा हवा असेल तर आधी आयत्सल या तिथल्या शिक्षकांच्या संस्थेकडून पात्रतेचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि शिकवायला राज्याची नोंदणी वेगळी. भारतात शिकलेल्यांना आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला 7 आणि बोलणं-ऐकण्याला 8 लागतात. बोलण्यातला 8 अवघड जातो, त्याची तयारी सगळ्यात आधी सुरू करा.

खडूफळा:
खूप आभार, ताई. एक अडचण आहे. आमच्या मुख्याध्यापिका शाळेचा ईमेल वापरत नाहीत, सगळं फोनवरच असतं. संदर्भासाठी (रेफरन्स म्हणून) त्यांचं साधं पत्र चालेल का?

इयर वन:
नुसतं हातात दिलेलं पत्र पुरत नाही. शाळा थेट संदर्भ देणाऱ्यालाच लिहून विचारते, आणि ईमेल खरंच त्या शाळेचा आहे का हे तपासते. तुम्ही नोकरीत आहात तोवरच शाळेच्या नावाने अधिकृत ईमेल सुरू करून घ्या आणि इंग्लंडमधून विचारणा येईल हे बाईंना सांगून ठेवा. अनुभवपत्रावर इयत्तांबरोबर मुलांची वयंही लिहून मागा, 'दुसरी' म्हटल्यावर इथे कोणाला अंदाज येत नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही निघण्याआधीच काढा. इथला डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचा तपास शाळा किंवा एजन्सी करून घेते, पण तुमच्या आधीच्या देशातला दाखला तुम्हालाच द्यावा लागतो.

कोणत्या गावी जाणार ते ठरलं की कळवा. जवळपासच असाल तर आमच्या शाळेत एक दिवस वर्ग बघायला येता येईल का, ते मी विचारून ठेवते.