स्वाईन फ्लूची लस: घरात कुणीच तयार नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. घरात सासूबाई (वय ६४, डायबेटिस आहे), नवरा, मी, सात वर्षांचा मुलगा आणि धाकटी जाऊ, तिला पाचवा महिना चालू आहे. यंदा, २०१० मध्ये, ११ सप्टेंबरला गणपती बसतील, गावाकडून पाहुणे येतील, घर भरलेलं असेल, म्हणून त्याच्या आत सगळ्यांनी लस घ्यावी असं मला फार वाटतंय पण एकही माणूस ऐकत नाहीये.

मागच्या ऑगस्टमध्ये हेच घर काय घाबरलं होतं! देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, ३ ऑगस्ट २००९ ला, चौदा वर्षांची मुलगी. मग शाळा बंद, मॉल बंद, थेटरं बंद, साथीच्या रोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर ही रांग, मास्क मिळेनात आणि मिळाले तर वाट्टेल त्या भावाने. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी असायची. तेव्हा लस नव्हती. आता जून-जुलैपासून लशी आल्यात, त्यातली एक तर इथेच हडपसरला बनते, आणि आता कुणालाच नको आहे!

सासूबाई म्हणतात लस घेतली की तोच आजार होतो, शिवाय ती अंड्यात बनवतात म्हणे आणि आमच्याकडे अंडं चालत नाही. नवऱ्याचं म्हणणं, मागच्या वर्षी आपल्या सगळ्यांना ताप येऊन गेला, तो तोच असणार, आता काही होत नाही. वर सोसायटीतल्या काकांनी पेपर दाखवला की डब्ल्यूएचओनेच १० ऑगस्टला साथ संपली म्हणून जाहीर केलंय. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले "ऐच्छिक आहे, वाटलं तर घ्या". आता मला काय वाटावं हे त्यांनीच सांगायला हवं ना?

कुणाला कुठली लस चालते आणि घरच्यांना कसं समजवायचं, प्लीज सांगा.

वेताळटेकडी:
ताई, आधी दोन लशींतला फरक बघा. हडपसरची आहे ती नाकात मारायची, तिच्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो, तो नाकातल्या गारव्यात वाढतो पण फुप्फुसाच्या उबेत वाढू शकत नाही. ती तीन वर्षांवरच्यांना देतात, म्हणजे मुलाला चालेल, पण त्याला दम्यासारखा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. जाऊबाईंना मात्र ही अजिबात द्यायची नाही. गरोदर बाईला आणि डायबेटिसवाल्यांना सुईची बघायची, तिच्यात मेलेला विषाणू असतो त्यामुळे त्या लशीने फ्लू होऊच शकत नाही, फार तर दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. जाऊबाईंच्या बाबतीत त्यांच्या गायनॅकला विचारूनच ठरवा, पण विचारा नक्की, कारण हा फ्लू गरोदरपणात जास्त अंगावर येतो.

अंड्याचं खरं आहे, विषाणू अंड्यात वाढवतात, मग तो शुद्ध करून घेतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. सोवळ्याचा प्रश्न असेल तर औषध म्हणून घ्यायचं का, एवढंच सासूबाईंना विचारा. माझ्या आईने त्याच मुद्द्यावर होकार दिला.

लकडीपूल:
काकांनी पेपर अर्धाच वाचलाय. साथ संपली म्हणजे विषाणू गेला असं नाही, तो आता नेहमीच्या फ्लूसारखा दरवर्षी येत राहील असं त्याच निवेदनात म्हटलंय आणि जोखीम असलेल्यांनी लस घ्यावी हेही. आणि मिस्टरांचा मुद्दा अगदीच चूक नाही, होऊन गेला असेल तर संरक्षण असतं, पण तो तोच होता हे कशावरून? नंतर नंतर साध्या तापवाल्यांची टेस्ट करतच नव्हते, एनआयव्हीकडे (विषाणू तपासणारी पुण्यातली राष्ट्रीय संस्था) गंभीर पेशंटचे नमुने जायचे. आणि हो, लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा गणपतीच्या आत हवं असेल तर या आठवड्यातच उरका.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. सासूबाईंना औषधाचं पटलं, "सुईची असेल तर बघू" इथवर आल्यात. नवऱ्याला टेस्टचा मुद्दा सांगितला, गप्प बसला, म्हणजे मुलाला घेऊन जाईल. जाऊच्या गायनॅकची अपॉइंटमेंट शनिवारी आहे.

आता एकच, सुईची लस कोथरूड-कर्वेनगर भागात नक्की कुठे मिळतेय? दोन मेडिकलवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. आणि लस घेऊनही कुणाला ताप आलाच तर टॅमिफ्लू ही फ्लूवरची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेली बरी असं वाचलंय, तर त्यासाठी अजूनही नायडूलाच जायचं की जवळ कुठे सोय आहे? सासूबाईंना घेऊन तेवढं लांब रिक्षाने जाणं अवघड आहे, माहिती असेल तर कृपया लगेच लिहा.