मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये दोन मजल्यांमधली खिडकी एकाही प्लॅनवर दिसत नाही

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्या एका जी प्लस वन (तळमजला आणि वर एक मजला) बंगल्याचं मॉडेल रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलमधून नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. सेक्शन (उभे छेद) आणि एलेव्हेशन (समोरून दिसणाऱ्या बाजू) व्यवस्थित आहेत, पण दोन मजल्यांत पसरलेली तीन ओपनिंग्ज प्लॅनवर नीट येत नाहीत. खालची सगळी मापं तळमजल्याच्या तयार फरशीपासून, मिलिमीटरमध्ये.

पहिली आणि सगळ्यात त्रासाची म्हणजे जिन्याच्या मिड-लँडिंगची खिडकी. मजल्याची उंची ३०००, लँडिंग १५०० वर, खिडकीची सिल (खालची कड) २१०० ला आणि लिंटल (वरची कड) ३९०० ला. दोन्ही प्लॅनचा कट प्लेन (ज्या उंचीला इमारत आडवी कापून प्लॅन दिसतो ती पातळी) आपापल्या लेव्हलपासून १२०० वर आहे. म्हणजे तळमजल्याचा छेद सिलच्या ९०० खालून जातो आणि पहिल्या मजल्याचा छेद ४२०० ला, लिंटलच्याही ३०० वरून. दोन्ही नकाशांत तिथे सलग भिंत! जिन्याला उजेड देणारी ती एकमेव खिडकी आहे. मंजुरीच्या नकाशात आणि साइटवरच्या प्रिंटमध्ये ती दिसलीच पाहिजे.

दुसरी, डबल हाइट दिवाणखान्याची खिडकी, ६०० पासून ५४०० पर्यंत. तळमजल्यावर छान दिसते. वरच्या प्लॅनमध्ये मात्र भिंत बंद. इथे बाहेरच्या भिंती मजल्यागणिक वेगळ्या काढलेल्या आहेत आणि खिडकी खालच्या भिंतीत बसवलेली आहे.

तिसरा, मुख्य दरवाजा. २१०० चं शटर आणि त्यावर ५४०० पर्यंत फिक्स काच, सगळं मिळून एकच फॅमिली (रेव्हिटमधली तयार वस्तू). इथे उलटं होतं: पहिल्या मजल्याच्या प्लॅनवर, जिथे खाली पाहण्याची मोकळी जागा आहे तिथे, दरवाजा उघडल्याची कमान (शटर कसं फिरतं ते दाखवणारी गोलाकार रेघ) उमटते. घरमालक विचारणारच, "वर कुठला दरवाजा?"

डिटेल लाइनने (मॉडेलशी न जोडलेल्या, फक्त त्या नकाशावरच्या रेघांनी) हाताने खिडकी काढून देता येईल, पण ते मला नको आहे. उद्या खिडकी १५० ने सरकली की मॉडेल सरकेल आणि रेघा तिथेच राहतील. वरच्या मजल्यावर दुसरी खिडकी बसवून वेळ मारून नेली तर शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणाऱ्या दारं-खिडक्यांच्या यादीत) एकाच्या दोन होतात आणि ॲल्युमिनियमवाला त्याच शेड्यूलवरून कोटेशन देतो. अख्ख्या तळमजल्याचा कट प्लेन २७०० ला नेला तर २१०० लिंटलचे बाकीचे सगळे दरवाजे-खिडक्या छेदाखाली जातात. प्लॅन, शेड्यूल आणि एलेव्हेशन तिन्ही एकाच वस्तूतून यावेत एवढंच हवं आहे. कसं करावं?

प्रतिसाद १

लँडिंगच्या खिडकीसाठी प्लॅन रीजन वापरा, म्हणजे प्लॅनच्या तेवढ्याच भागाला वेगळ्या उंचीचा छेद देता येतो. व्ह्यू टॅबमध्ये प्लॅन व्ह्यूजखाली मिळेल. खिडकीभोवती बंद चौकोन काढा, प्रॉपर्टीजमधून त्या चौकोनापुरती व्ह्यू रेंज (प्लॅनमध्ये कुठल्या उंचीपर्यंतचं दिसावं ती सेटिंग) उघडा आणि तळमजल्याच्या प्लॅनवर कट प्लेन २७०० करा. टॉप (व्ह्यू रेंजची वरची मर्यादा) त्याच्यापेक्षा खाली ठेवलात तर रेव्हिट स्वीकारणार नाही, तोही वर न्या. पहिल्या मजल्यावर वेगळा रीजन करून छेद त्या लेव्हलपासून ६०० ला घ्या, म्हणजे ३६०० ला खिडकी कापली जाईल.

चौकोन भिंतीपुरताच ठेवा, पायऱ्यांवर पसरू देऊ नका. नाहीतर जिनाही २७०० ला कापला जाईल, ब्रेक लाइन (जिना जिथे कापला ते दाखवणारी रेघ) भलतीकडे जाईल आणि चढण्या-उतरण्याचं चित्र बिघडेल. दोन रीजन एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, कडेला कड लागली तर चालते. प्रिंट काढण्याआधी व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये ॲनोटेशनखालचा प्लॅन रीजन बंद करा.

दिवाणखान्याबद्दल तुमचं निदान तुम्हीच लिहिलं आहे. खिडकी खालच्या भिंतीची आहे, तर भोक खालच्याच भिंतीला पडणार. तेवढ्या भागातली भिंत तळापासून छतापर्यंत एकसंध करा. ४२०० चा छेद मग त्या खिडकीतूनच जातो, तिथे रीजनची गरज नाही. अख्खी दर्शनी बाजू काचेची असेल तर कर्टन वॉल (काचेच्या तावदानांची भिंत) जास्त सोयीची. ती मुळात भिंतच असल्यामुळे जिथे जिथे कापली जाते त्या प्रत्येक मजल्यावर दिसते.

प्रतिसाद २

दरवाजाचं मी सांगते. फॅमिलीतली कमान ही सिम्बॉलिक लाइन, म्हणजे नकाशापुरती खुणेची रेघ आहे. फॅमिलीचा कुठलाही भाग छेदात आला की ती उमटते, शटर त्या उंचीला असो वा नसो. तुमची काच ४२०० ला कापली जाते, म्हणून कमानही येते. सरळ दोन वस्तू करा: खाली २१०० चा दरवाजा, वर वेगळी फिक्स काच. शेड्यूलमध्ये दोन नोंदी येतील आणि त्या यायलाच हव्यात. शटर सुतार करतो, काच ॲल्युमिनियमवाला बसवतो, दोघांची मापं वेगळी.

आणखी एक, लँडिंगच्या खिडकीच्या टॅगशेजारी (नकाशावरच्या तिच्या ओळखखुणेशेजारी) सिल आणि लिंटलची उंची लिहा, आणि ती कुठल्या फरशीपासून तेही. मिस्त्री लँडिंगवर उभा राहून टेप लावतो. २१०० नुसतं लिहिलं तर तो ते लँडिंगपासून मोजेल आणि खिडकी थेट ३६०० ला सुरू होईल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नकाशात दिसणारी खिडकीही चुकीच्या उंचीवर बांधली जाऊ शकते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्लॅनवर रीजन घातले, खिडकी दिसते आहे. खिडकी सरकवून पाहिली, चौकोनाच्या आत असेपर्यंत दोन्हीकडे बरोबर सरकते. दिवाणखान्याची भिंत एकसंध केल्यावर वरचा प्लॅनही आपोआप सुधारला. दरवाजा आणि काच वेगळी केली, कमान गेली.

टॅग दोन्ही मजल्यांवर लावले तरी शेड्यूलमध्ये ती खिडकी एकदाच मोजली जाते, तेही तपासलं. लँडिंगच्या खिडकीपाशी आता "सिल लँडिंगपासून ६००, तळमजल्यापासून २१००" अशी दोन्ही मापं लिहितो आहे.