मदत हवी आहे : गोव्यात फ्रँचायझी लीग आणायची तर क्लबांनी कोणत्या अटी मागाव्यात?

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या क्रिकेट क्लबचं काम मी बघतो. आसपासच्या क्लबांची लवकरच बैठक आहे आणि तिथे एक ठराव येतोय: गोव्यात खासगी मालकांच्या संघांची टी-ट्वेंटी लीग सुरू व्हावी, आणि पुढेमागे राज्याचा रणजी संघही एखाद्या उद्योगसमूहाला चालवायला द्यावा. मांडणारे आमचेच लोक आहेत, क्रिकेटवर जीव असलेले. मला या ठरावावर बोलायचंय आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

माझं मत आधीच सांगतो. लीगला माझी हरकत नाही, अटी नीट असल्या तर. रणजी संघ कुणाच्या मालकीचा करायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

ठराव मांडणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. स्वप्नील अस्नोडकर २००८ साली राजस्थान रॉयल्सकडून ग्रॅम स्मिथबरोबर सलामीला उतरला, तेव्हा कुठे गोव्याबाहेर त्याचं नाव झालं. शादाब जकाती चेन्नईकडून खेळला, सुयश प्रभुदेसाई बंगळूरकडून. गोवा १९८५-८६पासून रणजी खेळतोय, तरी आपल्या पोरांना देशाने पाहिलं ते फ्रँचायझीच्या जर्सीत. त्याआधी तर मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा करून आले ते मुंबईचे खेळाडू म्हणून. तेव्हा आमच्या वाड्यावरच्या पोराला जवळची शिडी मिळत असेल तर मी ती का अडवू?

पण गोवेकराने या विषयावर बोलताना फुटबॉल विसरून चालणार नाही. खासगी पैसा आपल्याला नवा नाही. खाणमालकांच्या पैशावरच आपला फुटबॉल मोठा झाला. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं. साळगावकर आणि चर्चिलनेही आणलं. हे क्लब होते. त्यांचे ज्युनियर संघ होते, गावागावांतून पोरं हेरणारी माणसं होती. मग २०१४मध्ये आयएसएल, म्हणजे फ्रँचायझी संघांची इंडियन सुपर लीग, आली. एफसी गोवा उत्तम संघ आहे, मी स्वतः फातोर्ड्याला जाऊन त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. २०२१ साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, याचा मला अभिमान आहे. पण २०१६मध्ये आयएसएल वर आणि आय-लीग खाली अशी रचना पुढे आली, आणि साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोला परत यायला २०२४ उजाडलं. पुढे २०२५च्या जुलैत हक्कांच्या कराराचा घोळ झाला आणि खुद्द आयएसएलचाच पुढचा हंगाम थांबवला गेला. वरचा मजला करारावर उभा असला की करार संपताना खालच्यांची काय गत होते, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. क्रिकेटमध्ये तेच पुन्हा व्हायला नको, एवढीच माझी तळमळ आहे.

रणजीबद्दलही थोडं. नोव्हेंबर २०२४मध्ये पर्वरीला अरुणाचलविरुद्ध स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० केल्या, दोघांची ६०६ची अभंग भागी. समोरचा संघ कच्चा होता हे मान्य. पण तेव्हा आपण रणजीच्या खालच्या, म्हणजे प्लेट गटात होतो, आणि तिथून जिंकत वर आलो. प्लेट गटातल्या चार दिवसांच्या सामन्यावर कोणता मालक पैसे लावेल? तिकीटबारी नाही, जाहिरातदार नाही. रणजी खेळाडूला दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात ते बोर्डाच्या तिजोरीतून, आणि ती तिजोरी मुख्यतः आयपीएलवर भरते. म्हणजे फ्रँचायझीचा पैसा रणजीपर्यंत आजही पोचतोच आहे. त्यासाठी संघाची मालकी देण्याची गरज नाही. शिवाय मालक आला की त्याला निकाल लगेच हवा असणार, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे बाहेरचे तयार खेळाडू. अर्जुन तेंडुलकर २०२२मध्ये आला आणि गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात १२० करून गेला, छानच झालं. पण त्याच डावात सुयशचे २१२ होते. दोघांना जागा असते तोवर ठीक आहे.

आता मला अडलेल्या गोष्टी. लीगच्या पैशातला क्लबांचा वाटा इतरत्र कसा ठरवतात? मालक मध्येच निघून गेला तर खेळाडूंच्या मानधनाचं काय? आणि गोव्याएवढ्या राज्यात संघ किती असावेत? राज्यांच्या लीगमध्ये बाहेरच्या राज्यातले खेळाडू चालत नाहीत. सहा संघ आणि प्रत्येकी १८ धरले तरी १०८ झाले. आपल्याकडे त्या दर्जाचे तेवढे आहेत असं मला वाटत नाही.

बेळगावकर :

दादा, तुमच्या अटींत पहिली अट मालकाच्या चौकशीची घाला. आमच्याकडे कर्नाटक प्रीमियर लीग २००९ला सुरू झाली, काय उत्साह होता! २०१९मध्ये फिक्सिंगच्या प्रकरणात बेळगाव पँथर्सच्या मालकालाच अटक झाली. पाठोपाठ खेळाडूही अडकले, त्यात रणजी गाजवलेले होते. आमच्या गावाचं नाव त्या संघाला होतं, त्यामुळे फार लागलं. स्पर्धा बंद पडली ती २०२२मध्ये महाराजा ट्रॉफी या नावाने परतली. छोट्या लीगवर कॅमेरे कमी, लक्ष कमी आणि पोरांच्या खिशात पैसेही कमी, म्हणून सट्टेवाले तिथेच आधी पोचतात. भ्रष्टाचारविरोधी अधिकारी आणि त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून करारात हवा.

पुण्याहून :

एमपीएल, म्हणजे आमची महाराष्ट्र प्रीमियर लीग, २०२३पासून गहुंज्याला बघतोय. फायदा खरा आहे. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी पहिल्याच वर्षी नाशिककडून चमकला आणि पुढच्या आयपीएलसाठी लखनौने त्याला घेतलं. तमिळनाडूच्या लीगमधून नटराजन आणि वरुण चक्रवर्ती वर आले, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण एमपीएल जूनमध्ये होते, आणि जूनमध्ये गोव्यात तुम्ही मैदानावर पाय तरी ठेवू शकाल का? मार्च ते मे आयपीएल, ऑक्टोबरपासून बोर्डाचा हंगाम. मला तर मोकळी तारीखच दिसत नाही. बैठकीत हा प्रश्न आधी विचारा.

मालक निघून जाण्याबद्दल म्हणाल, तर आम्ही पुणेकरांनी २०१३मध्ये आयपीएलमधला पुणे वॉरियर्स नाहीसा होताना पाहिलाय. बँक हमी आगाऊ घ्या, आणि ती खेळाडूंच्या मानधनाला पुरेल एवढी हवी.

मडगावची ताई :

मुलींचं कुणीच काढलं नाही. शिखा पांडे गोव्याकडून खेळून भारतीय संघात गेली. महाराष्ट्रात २०२५पासून मुलींचीही लीग आहे. जो मालक पुरुषांचा संघ घेईल त्याने मुलींचाही चालवायचा, असं लिहूनच घ्या. नंतर बघू म्हटलं की ते नंतर येत नाही.

लंडनहून :

काका, वाट्याचं उत्तर इंग्लंडमध्ये सापडेल. तिथल्या हंड्रेड या शंभर चेंडूंच्या स्पर्धेच्या आठ संघांतले हिस्से २०२५मध्ये विकले. इंग्लंड बोर्डाने आपला ४९ टक्के हिस्सा विकला, ५१ टक्के यजमान कौंटी (तिथले प्रांतिक क्लब) आणि लॉर्ड्सच्या एमसीसी क्लबकडे दिला, आणि तो विकायचा की ठेवायचा हे त्यांच्यावर सोडलं. विक्रीच्या रकमेतले १० टक्के हौशी क्रिकेटसाठी बाजूला काढायचं आधीच ठरलं होतं, आणि ज्या कौंटींकडे संघ नाही त्यांनाही वाटा मिळाला. कौंटी चॅम्पियनशिपचे संघ मात्र कौंटीच चालवतात. ऑस्ट्रेलियात तर बिग बॅश ही टी-ट्वेंटी लीग २०११मध्ये सुरू झाली ती राज्य संघटनांच्या मालकीचे संघ घेऊन. खासगी मालक नसतानाही लीग चालते, हेही बैठकीत सांगा.

मूळ प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा मुद्दा मी पहिल्यांदा मांडणार आहे. पुणेकर, तारखेचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पाऊस लवकर ओसरला तर सप्टेंबरअखेरचे थोडे दिवस मिळतील, म्हणून संघ चारच असावेत असं आता मला वाटतंय. ७२ चांगले खेळाडू आपण नक्की उभे करू.

दुरुस्तीचा मसुदा असा केलाय: "रणजी आणि वयोगटांतले सर्व राज्य संघ गोव्याच्या क्रिकेट संघटनेकडेच राहतील. लीगमधल्या प्रत्येक संघात निम्मी मालकी संघटनेची असेल. हिस्सा विक्रीतले १० टक्के थेट नोंदणीकृत क्लबांना मिळतील आणि ते मॅटिंग, नेट, प्रशिक्षक यांवरच खर्च होतील. मानधनाएवढी बँक हमी आणि मालकाची चौकशी झाल्याशिवाय करार होणार नाही. प्रत्येक मालक मुलींचा संघही चालवील."

निम्म्या मालकीची अट घातली तर गोव्यात कुणी मालक पुढे येईल का, यावर उद्योगधंद्यातल्या कुणी लिहिलं तर बरं होईल. कुणीच आलं नाही तर प्रायोजक घेऊन संघटनेने स्वतःच लीग चालवावी, असा पर्याय ठरावात जोडायची माझी तयारी आहे. त्याचा खर्चाचा अंदाज कुणी करून देऊ शकेल का? मैदान, पंच, प्रवास, चेंडू आणि कॅमेरे, एवढं धरलं तरी पुरे.