हामटा पास (हिमाचलमधली ट्रेकची खिंड) : शिआगोरू मुक्कामाजवळचा नाला कधी, कसा ओलांडावा?

डोंगरवेडी: जुलैत जातोय. नाला बूट घालून ओलांडायचा की अनवाणी?

कडेलोट: अनवाणी मुळीच नको. बर्फगार पाण्यात पाय बधिर होतात, दगड कळत नाही. पट्ट्यांच्या सँडल घाला, कोरडे मोजे सॅकमध्ये वर ठेवा. पहाटेच निघा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

घाटवाट: जागा रुंद, फाटे फुटलेली बघा. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथेच खोली आणि ओढ जास्त. सॅकचा कंबरपट्टा, छातीचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक झटकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाय. पाणी गुडघ्यावर, किंवा तळाशी धोंडे गडगडताना ऐकू आले, तर थांबा.

डोंगरवेडी: दोर?

घाटवाट: कमरेला बांधू नका! पडलात तर तोच पाण्याखाली दाबतो.